कोल्हापूर ते नागपूर : हवाई अंतर ७०० किलोमीटर, मग वेळ कुठे जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-वडील कोल्हापुरात, लेक नागपुरात. दोघंही सत्तरीच्या पुढचे आणि पहिल्यांदाच सोबतीला कुणी नसताना विमानाने येणार. लेकीने अंतर आणि वेळ शोधायला घेतला तर एका संकेतस्थळावर ५० मिनिटं, दुसऱ्यावर १ तास २० मिनिटं, तिकिटावर १ तास ३५ मिनिटं. आणि विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर आदल्या दिवशीचं विमान १ तास ६ मिनिटांतच पोचलेलं. अंतरही कुठे ७०१, कुठे ७०२, तर कुठे ८०० च्या आसपास. तिचं म्हणणं, "यातलं खरं कोणतं धरू, आणि गाडी किती वाजता पाठवू?"

ताई, मी बावीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम केलं. म्हणजे वैमानिक विमानात बसायच्या आधी मार्ग, उंची, इंधन, हवामान आणि वेळ यांचा कागद तयार करणारा माणूस. त्यावर कप्तानाबरोबर माझीही सही असायची. त्यामुळे एवढंच सांगतो की तुम्हाला दिसलेला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येकाने मोजायला सुरुवात वेगळ्या जागी केली आणि थांबवलं वेगळ्या जागी, इतकंच.

आधी अंतर, कारण ते सोपं आहे. कोल्हापूरचा विमानतळ, म्हणजे उजळाईवाडीचा, साधारण १६ अंश ४० मिनिटं उत्तर अक्षांश आणि ७४ अंश १७ मिनिटं पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचा सोनेगावचा विमानतळ २१ अंश साडेपाच मिनिटं उत्तर आणि ७९ अंश ३ मिनिटं पूर्व. आमच्या धंद्यात अंतर सागरी मैलांत मोजतात, आणि त्यामागे सोय आहे : अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर. दोन विमानतळांच्या अक्षांशांतला फरक सुमारे २६५ मिनिटं, म्हणून उत्तरेकडे २६५ मैल. रेखांशातला फरक २८६ मिनिटं, पण रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे आपल्या अक्षांशावर त्याला ०.९४६ ने गुणायचं. आले २७० मैल पूर्वेकडे. आता शाळेतला पायथागोरस लावा. कर्ण निघतो ३७९ मैल, म्हणजे ७०१-७०२ किलोमीटर. हे दोन्ही आकडे बरोबर आहेत. एकाने पृथ्वी चेंडूसारखी गोल धरली, दुसऱ्याने ती ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे हे लक्षात घेतलं. ८०० चा आकडा रस्त्याचा आहे. काही ठिकाणी तो हवाई अंतराच्या शेजारीच न सांगता छापून ठेवतात.

ही रेषा नकाशावर ओढून पाहा, मजा येईल. ती जवळजवळ नेमकी ईशान्येला जाते. कोल्हापुरातून निघाली की सांगोल्याजवळून पंढरपूरला अगदी चाटून जाते, मग धाराशिव, अर्ध्या वाटेवर परळी-गंगाखेडचा भाग, पुढे पुसद डावीकडे ठेवून यवतमाळ आणि वर्ध्याच्या जवळून नागपूर. पट्टीने आखलेली ही रेषा मराठवाड्याच्या बरोबर मधून जाते. रेल्वे मात्र तशी जात नाही. महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरहून निघून पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला असा मोठा वळसा घालते. म्हणूनच बाराशे किलोमीटरच्या वर अंतर आणि चोवीस तासांहून जास्त प्रवास. तुमच्या वडिलांनी तो केलाच असेल, त्यांना विचारा.

अंतराचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट, जी मी ओळखीच्या प्रत्येक माणसाला ऐकवतो. कोल्हापूरहून बेंगळुरूचा विमानतळ हवेतून सुमारे ५३० किलोमीटर आहे, म्हणजे नागपूरपेक्षा पावणेदोनशे किलोमीटरने जवळ. मुंबई-नागपूर साधारण ६८० आहे. म्हणजे आपल्याच राज्यातली ही दोन टोकं मुंबई-नागपूरपेक्षाही लांब. नागपूरकरांना तर हैदराबाद ४३० किलोमीटरवर, मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. राज्याच्या नकाशाकडे आपण मुंबईत बसून बघतो म्हणून हे लक्षात येत नाही.

आता वेळ. पहिल्या संकेतस्थळाचे ५० मिनिटं कुठून आले? ७०० ला ताशी ८५० किलोमीटरने भागा. उत्तर ४९ मिनिटं. विमान जणू उजळाईवाडीच्या धावपट्टीवरच ताशी ८५० च्या वेगाने प्रकट झालं आणि त्याच वेगात सोनेगावला नाहीसं झालं, असा हा हिशेब. दुसऱ्या संकेतस्थळाने त्यात चढणं-उतरणं, जमिनीवरचं फिरणं वगैरेसाठी सरसकट अर्धा तास मिळवला. झाले १ तास २० मिनिटं. ही ढोबळ रीत वाईट नाही, जेटच्या बाबतीत ती बऱ्यापैकी जमते. फक्त कुठल्याही दोन गावांना तोच अर्धा तास चिकटवला जातो. कोल्हापूरची सकाळ आणि दिल्लीची जानेवारीतली सकाळ त्याच्या लेखी सारखीच.

ॲपवरचा १ तास ६ मिनिटांचा आकडा मात्र प्रत्यक्ष घडलेला आहे. चाकांनी जमीन सोडली तिथून चाकं जमिनीला टेकली तिथपर्यंतचा तो वेळ. मी कागदावर काढला असता तर एम्ब्रेअर १७५ सारख्या छोट्या जेटसाठी असाच काहीसा निघाला असता. कसा, ते दाखवतो.

सरळ रेषा ३७९ मैलांची असली तरी विमान ती तंतोतंत उडत नाही. निघताना ठरलेली वाट असते, उतरताना ठरलेली वाट असते, मधे कुठे लष्करी हवाई क्षेत्र वाटेत आलं तर त्याला वळसा. म्हणून मी मनात ३९५ मैल धरतो. जेट ३३-३५ हजार फुटांवर जाणार. तिथे पोचायला वीसेक मिनिटं आणि त्यात साधारण ११५ मैल कापले जातात. उतरण्याचा हिशेब वैमानिक तोंडी करतात : उंची हजार फुटांत घ्या आणि तिपटीने मैल धरा. ३३ हजार फुटांवरून उतरायचं तर शंभर मैल आधी उतरण सुरू करायची, वर वेग कमी करायला आणखी थोडे. म्हणजे ११५ मैल हे आणि ११५ मैल ते. राहिले किती? १६५. तेवढ्याच अंतरात विमान आपल्या खऱ्या वेगाने, ४४० नॉटच्या (म्हणजे ताशी ४४० सागरी मैलांच्या) आसपास, उडतं. ती होतात २२ मिनिटं. चढण २०, सपाटी २२, उतरण २०, आणि धावपट्टीशी जुळवून घ्यायला तीन-चार. झाला १ तास ५-६ मिनिटं.

या हिशेबात मला नेहमी गंमत वाटत आली आहे. सगळ्या प्रवासात विमान "विमानासारखं" उडतं ते फक्त २२ मिनिटं. आई-वडिलांना चहा मिळाला तर तो याच वेळात मिळेल. बाकी सगळा वेळ ते एकतर चढत असतं किंवा उतरत असतं.

तुमच्या तिकिटावर विमानाचा प्रकार लिहिलेला असेल, तो जरूर पाहा, कारण पंखेवालं एटीआर ७२ असेल तर गणित बदलतं. ते १७-१९ हजार फुटांच्या आसपास उडतं, २७५ नॉटच्या वेगाने. चढण-उतरणीत थोडंच अंतर जातं, पण मधला अडीचशेहून जास्त मैलांचा तुकडा तासभर खातो. हवेतलाच वेळ दीड तासाच्या पुढे जातो, आणि तिकिटावर पावणेदोन तास किंवा जास्त दिसायला हवेत. तुमच्या तिकिटावर १ तास ३५ मिनिटं आहेत म्हणजे ते जेट असावं. दोनशे-तीनशे किलोमीटरच्या पल्ल्यावर हा फरक फारसा जाणवत नाही. नांदेड-हैदराबाद हे अंतर साधारण २४५ किलोमीटर. तिथे जेट वर चढेपर्यंत उतरायची वेळ येते, आणि एटीआर कमी इंधनात जवळजवळ तेवढ्याच वेळात पोचवतं. २७ एप्रिल २०१७ ला छोटी शहरं जोडणाऱ्या उडान या सरकारी योजनेतली पहिली विमानं सुटली त्यात शिमला-दिल्ली आणि कडप्पा-हैदराबादबरोबर नांदेड-हैदराबादही होतं, आणि ते एटीआरनेच होतं, हे उगाच नव्हे. ७०० किलोमीटरला मात्र जेटचं पारडं जड होतं.

मग तिकिटावर २९ मिनिटं जास्त का?

कारण तिकिटावरचा वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. कोल्हापुरात चाकांखालचे ठोकळे काढून विमान जागेवरून हललं तेव्हा घड्याळ सुरू, आणि नागपुरात उभं राहून पुन्हा ठोकळे लागले तेव्हा बंद. आम्ही त्याला "चॉक्स ऑफ" आणि "चॉक्स ऑन" म्हणतो. वैमानिकांचं कामाचं वेळापत्रक, कर्मचाऱ्यांचे भत्ते, सगळं या घड्याळावरच चालतं.

या दोन ठोकळ्यांच्या मधे काय काय घडतं ते आमच्या प्रवाशांना कुणी सांगतच नाही. बऱ्याच छोट्या विमानतळांवर धावपट्टीला समांतर असा टॅक्सीवे, म्हणजे विमानाने चालत जायचा वेगळा रस्ता, नसतो. विमान धावपट्टीवर येतं, तिच्यावरूनच शेवटच्या टोकापर्यंत चालत जातं, तिथे वळतं आणि मग उलट दिशेने धावतं. याला बॅकट्रॅक म्हणतात. हे चालू असताना धावपट्टी अडलेली असते. त्याच वेळी दुसरं विमान उतरायला आलं असेल तर दोघांपैकी एकाला थांबावं लागतं. मोठ्या विमानतळावर वीस विमानांची रांग असते, छोट्यावर एकाच विमानाची, पण थांबणाऱ्याला दोन्ही सारखंच.

दुसरी गोष्ट धावपट्टीच्या दिशेची. ही माझ्या आवडीची आहे, म्हणून जरा जास्त लिहितो. कोल्हापूरची धावपट्टी ०७-२५ आहे. म्हणजे एका बाजूने धावलात तर तोंड ७० अंशांकडे, साधारण पूर्वेला. दुसऱ्या बाजूने २५० अंशांकडे, पश्चिमेला. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि तोंड देऊनच उतरतं. तुमचा रस्ता ४५ अंशांचा, ईशान्येचा. हिवाळ्यात पूर्वेचा वारा असला तर ०७ वरून उडालं की नाक जवळजवळ नागपूरकडेच असतं. पावसाळ्यात मात्र वारा घाटावरून, पश्चिमेकडून येतो. मग विमान २५ वरून पश्चिमेला उडणार, वर चढता चढता मागे वळणार आणि मग ईशान्य धरणार. तीन-चार मिनिटं तिथेच गेली. परतीला उलटं होतं : नागपूरकडून येणाऱ्या विमानाचं नाक २२५ अंशांवर असतं, आणि पश्चिमेचा वारा असला की २५ ची धावपट्टी जवळजवळ समोरच वाढून ठेवलेली. त्यामुळे पावसाळ्यात, ढग मधे आले नाहीत तर, परतीचं विमान काही वेळा आश्चर्य वाटावं इतकं लवकर पोचतं.

नागपूरची धावपट्टी १४-३२, म्हणजे वायव्य-आग्नेय. कोल्हापूरहून येणारा मार्ग तिला जवळजवळ काटकोनात येऊन भिडतो. कुठल्याही बाजूने उतरा, एक वळण घ्यावंच लागतं. त्यात समोर दुसरी विमानं असली तर नियंत्रक थोडं लांबून फिरवून आणतो. प्रवाशाला वाटतं, नागपूर खाली दिसतंय तरी हा उतरत का नाही!

वाऱ्याबद्दल लोक नेहमी विचारतात. "जाताना वारा पाठीमागून असतो ना?" असतो, पण या अंतरावर त्याचा फार बाऊ करू नका. हिवाळ्यात पश्चिमेचा जोरदार झोत उत्तर भारतावरून वाहतो आणि त्याचा दक्षिणेकडचा काठ विदर्भापर्यंत जाणवतो. समजा ३३ हजार फुटांवर ६० नॉटचा पश्चिम वारा आहे. तुमचा मार्ग ईशान्येचा, म्हणून त्यातला सत्तर टक्के भाग कामी येतो, म्हणजे ४२ नॉट. १६५ मैलांच्या सपाटीच्या तुकड्यात जाताना दोन मिनिटं वाचतात, येताना दोन जास्त लागतात. चढ-उतार धरून जाण्या-येण्यातला फरक सहा-सात मिनिटांचा. पावसाळ्यात वरच्या थरात चित्र पालटतं. दक्षिण भारतावर पूर्वेचा झोत येतो; त्याचा पहिला अभ्यास पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५८ साली मांडला होता. तो झोत विमानांच्या नेहमीच्या उंचीच्याही बराच वर असतो, त्यामुळे आपल्या पदरात त्याचा काठच पडतो. मुंबईहून लंडनला जाताना वारा तासाचा फरक पाडतो. कोल्हापूर-नागपूरला वाऱ्याने वाचवलेला वेळ जिना लावण्यातच जाऊ शकतो.

उंचीचीही एक बारीक गंमत आहे. पूर्वेच्या अर्ध्या वर्तुळात जाणारी विमानं विषम हजारांवर उडतात, पश्चिमेकडे जाणारी सम हजारांवर. म्हणून आई-वडील येताना वैमानिकाने घोषणेत ३३ किंवा ३५ हजार फूट सांगितलं, तर परत जाताना तोच ३२ किंवा ३४ सांगेल. समोरासमोरची टक्कर टाळण्याची इतकी साधी युक्ती आहे ही.

राहिलेली मिनिटं मात्र हवेतलीही नाहीत आणि जमिनीवरचीही नाहीत. ती वेळापत्रकातली आहेत. वेळेवर सुटण्या-पोचण्याचे आकडे दर महिन्याला प्रसिद्ध होतात, आणि ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत असेल तर विमान वेळेवर धरतात. मग कंपन्या ब्लॉक टाइममध्ये थोडी हवा भरतात. १ तास २२ मिनिटं पुरेशी असताना १ तास ३५ छापलं की दहा मिनिटं उशिरा सुटलेलं विमानही "वेळेवर" पोचतं, आणि हवाई सुंदरी अभिमानाने तसं सांगते. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. एकच विमान दिवसभरात सहा-सात फेऱ्या करतं. सकाळच्या फेरीत दहा मिनिटं गेली तर संध्याकाळपर्यंत त्याचा तास होतो. मधे अशी मोकळी मिनिटं ठेवली नाहीत तर शेवटच्या फेरीचे प्रवासी रडकुंडीला येतात. तरी आमच्या कंपनीतही वेळापत्रकवाले ही मिनिटं दरवर्षी वाढवत होते आणि आम्ही डिस्पॅचवाले चिडत होतो, हेही खरं.

ब्लॉक टाइमवर तुमचा एक हक्कही अवलंबून आहे, म्हणून तो आकडा क्षुल्लक समजू नका. कंपनीच्या चुकीने आणि वेळेत न कळवता विमान रद्द झालं तर डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमांप्रमाणे भरपाईची पायरी ब्लॉक टाइमने ठरते : एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तास ७,५०० आणि त्याहून जास्त असेल तर १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी असेल ते. तुमचं तिकीट मधल्या पायरीत बसतं. अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या विमानाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणंपिणं देणंही कंपनीवर बंधनकारक आहे. हवामानामुळे रद्द झालं तर भरपाई नाही, हे आधीच लक्षात ठेवा, म्हणजे काउंटरवर भांडण नको.

उडानच्या तिकिटांत तर अंतराला आणखी वजन आहे. त्या योजनेतल्या जागांचं कमाल भाडं दोन विमानतळांतल्या हवाई अंतराच्या टप्प्यावरून ठरतं. सुरुवातीला साधारण एका तासाच्या, पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला २,५०० रुपये असा हिशेब होता. मघाशी आपण पायथागोरस लावून काढलं तेच अंतर. प्रत्यक्ष विमान कितीही वळसा घालून गेलं तरी भाडं त्या कर्णावर.

आता ज्याची खरी काळजी करायला हवी ते. तुमच्या १ तास ३५ मिनिटांतली पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर काही बिघडत नाही. बिघडतं ते विमान सुटण्याआधी.

माझीच फजिती सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सासूबाई एका छोट्या विमानतळावरून आमच्याकडे येणार होत्या. मी डिस्पॅचर, माझ्याकडे अचूक वेळ! हवेत १ तास २ मिनिटं. त्या हिशेबाने मी गाडी घेऊन हजर. सुटण्याच्या ठिकाणी पाऊस, आधीच्या फेरीचं विमान उशिरा आलेलं, ते उभं राहून पुन्हा निघेपर्यंत चाळीस मिनिटं. वर आमच्या इथे उतरायला घिरट्या. मी अडीच तास पार्किंगमध्ये. सासूबाई उतरल्या आणि पहिलं वाक्य, "तुम्ही तर म्हणालात, तासाभराचंच आहे." हवेतल्या वेळेत मी अवघ्या तीन मिनिटांनी चुकलो होतो. ते त्यांना सांगायची मात्र माझी हिंमत झाली नाही.

तेव्हा प्रवासाच्या दिवशी सकाळी विमानाच्या वेळेपेक्षा एक गोष्ट आधी बघा : कोल्हापूरला येणारं विमान त्याच्या आधीच्या ठिकाणाहून निघालं का? तुमच्याकडच्या त्याच ॲपवर ते दिसतं. आधीचं विमान तासभर उशिरा असेल तर तुमचं वेळेवर सुटणार नाही, फलकावर काहीही लिहिलेलं असो. लहान विमानतळांचे कामाचे तास ठरलेले असतात, त्यामुळे संध्याकाळची फेरी फार रेंगाळली तर ती रद्द होण्याचा धोका जास्त. पर्याय असेल तर दिवसाच्या पहिल्या फेऱ्यांपैकी एक घ्या.

जून ते सप्टेंबर असेल तर कोल्हापुरात ढग खाली उतरलेले असतात. उतरायला लागणारी किमान दृश्यमानता नसेल तर विमान वर घिरट्या घालतं किंवा दुसरीकडे जातं. मी कोल्हापूरसाठी पर्यायी विमानतळ ठरवताना बेळगाव, पुणे, गोवा अशी यादी बघायचो. बेळगाव शंभर किलोमीटरच्याही आत आहे, पण हीच त्याची अडचण, कारण कोल्हापुरात ढग असले की बहुधा तिथेही असतात. म्हणून इंधन लांबच्या पर्यायाचं भरायचं. शिवाय कमीत कमी अर्ध्या तासाचं राखीव असतंच. आई घाबरली तर तिला हे सांगा : विमान घिरट्या घालतंय तेव्हा त्या घिरट्यांचं इंधन कुणीतरी सकाळीच मोजून भरलेलं असतं.

मे महिन्यात उलटा त्रास नागपूरचा. पारा ४५ च्या वर गेला की हवा पातळ होते, विमान जड वाटायला लागतं, चढायला जास्त वेळ घेतं. तिथली धावपट्टी ३,२०० मीटरची, त्यामुळे नागपूरहून निघताना फारसं अडत नाही. कोल्हापूर सहाशे मीटर उंचीवर आणि धावपट्टी त्यामानाने आखूड, म्हणून कडक उन्हाच्या दुपारी तिथून निघताना वजनावर मर्यादा येऊ शकते. परतीला आईच्या बॅगेत संत्र्यांची पेटी आणि येताना गूळ-चटणी किती, हे तिकिटावर लिहिलेल्या वजनात बसवा.

थेट विमान रोज नसेल किंवा तारखा जुळत नसतील तर संकेतस्थळ तुम्हाला मुंबईमार्गे किंवा हैदराबादमार्गे पर्याय दाखवेल. मुंबईमार्गे हवाई अंतर ९९० किलोमीटरच्या आसपास होतं, हैदराबादमार्गे साधारण ८७५. उड्डाणाचा वेळ दोन्हीकडे अडीच-तीन तास दिसेल, पण मधला थांबा धरून पाच ते नऊ तासही जातात. सत्तरीच्या जोडप्याला मी ते सुचवणार नाही. घ्यायचंच झालं तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं असतील आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर त्याची जबाबदारी कुणाचीच नसते.

नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचा फायदा पूर्वी टपालखात्याने घेतला होता. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री निघालेली टपालाची विमानं नागपुरात येऊन पोती बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत जायची. तुमचे वडील ज्या पिढीतले आहेत तिला हे आठवत असेल. सोनेगावला उतरल्यावर त्यांना सांगायला विषय होईल.

व्यवहाराचं. आई-वडिलांपैकी कुणाला गुडघ्याचा त्रास असेल तर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी नोंदवा. छोट्या विमानतळावर एरोब्रिज नसतो, जिन्यानेच चढायचं असतं, आणि रॅम्प किंवा उचलयंत्र आधी कळवलं तरच तयार असतं. उजळाईवाडी शहरापासून जवळ आहे, तरी विमान सुटण्याच्या अडीच तास आधी घरातून निघू द्या. जागा निवडता आल्या तर डावीकडच्या खिडक्या घ्या. सकाळचं विमान असेल तर ऊन उजवीकडून येतं, आणि पंढरपूर, परळी, यवतमाळ, वर्धा, सगळं डावीकडेच आहे. आभाळ मोकळं असेल आणि विमान सरळ गेलं तर निघाल्यावर पंधरा मिनिटांच्या आसपास चंद्रभागेचं वळण खाली दिसायला हवं.

आणि गाडी. घरून निघताना नव्हे, विमानात बसल्यावर वडिलांना एक फोन करायला सांगा. दरवाजा बंद होऊन विमान हललं की तिथून १ तास २५ मिनिटं धरा, त्यात सामानाच्या पट्ट्यावरची पंधरा-वीस मिनिटं आणि आईच्या चालण्याची दहा मिनिटं मिळवा. म्हणजे फोन आल्यापासून साधारण दोन तासांनी ते दोघं दाराबाहेर दिसतील. गाडीवाल्याला दीड तासाने निघायला सांगा.